दोनशे चाळीस मिनिटं

युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, 1955 पासून खेळली जाते. चषक बहुतेक वेळा गेला तो स्पेन, इटली, इंग्लंड, जर्मनी यांच्याकडे. पूर्व युरोपातल्या क्लबांच्या हाती तो एवढ्या वर्षांत दोनदाच लागला. 1986 साली बुखारेस्टच्या स्तेआवानं तो जिंकला आणि 1991 साली बेलग्रेडच्या रेड स्टारनं. त्या दोन्ही अंतिम सामन्यांत मैदानावर असलेला खेळाडू एकच, मिओद्राग बेलोदेदिच. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून हा चषक जिंकणारा जगातला पहिला फुटबॉलपटूही तोच.

बेलोदेदिच रोमानियाचा. त्या देशाच्या तेव्हाच्या फुटबॉलपटूंच्या पिढीचा विषय निघाला की लोक तिचा तारा हाजी याच्याबद्दल बोलतात. बोलावंच, हाजी होताच तसा. पण बेलोदेदिचचं नाव निघालंच, तर ते 1994 च्या विश्वचषकात हुकलेल्या एका पेनल्टीमुळे निघतं. हे मला कित्येक वर्षं खटकत आलं आहे.

त्याचे दोन्ही अंतिम सामने गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटवर गेले होते. नव्वद मिनिटं आणि वर जादा वेळाची तीस, अशी एकशेवीस मिनिटं 1986 साली सेव्हिलमध्ये आणि तेवढीच 1991 साली बारीमध्ये. युरोपियन कपच्या इतिहासातले सर्वांत रटाळ अंतिम सामने कोणते, अशी चर्चा झाली की या दोघांची नावं हमखास येतात. गोल पाहायला आलेल्या प्रेक्षकाची चूक नाही. पण बचावपटूच्या बाजूनं बघा. युरोपातल्या दोन भारी आक्रमक संघांसमोर, दोन वेगळ्या देशांच्या क्लबांकडून, मिळून दोनशे चाळीस मिनिटं, आणि मागे एकही चेंडू जाळ्यात गेला नाही. कुणा आघाडीच्या खेळाडूनं दोन अंतिम सामन्यांत चार गोल केले असते, तर आपण त्याची गाणी गायली असती. बचावपटूच्या खात्यात मात्र जे घडलंच नाही ते जमा होतं, आणि न घडलेल्याची चित्रफीत नसते.

बेलोदेदिच लिबेरो होता. आजच्या फुटबॉलमध्ये ही जागा जवळपास उरलेली नाही, म्हणून थोडं सांगतो. बाकीचे बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या एकेका खेळाडूला धरून राहायचे. लिबेरो सर्वांच्या मागे मोकळा. कुणाच्या हातून माणूस सुटला की तिथे याला पोहोचायचं. चेंडू मिळाला की तो नुसता लांब भिरकावून न देता पुढे घेऊन जायचं आणि तिथून आक्रमणाला सुरुवात करायची. त्यासाठी पायांइतकंच डोकं लागतं, कारण खेळ दोन क्षण आधी वाचावा लागतो. बेलोदेदिच उंच, सडसडीत. धसमुसळेपणा त्याच्या खेळात नव्हता. घसरून चेंडू हिसकावण्यापेक्षा तो आधीच योग्य जागी जाऊन उभा असायचा. रोमानियात त्याला हरिण म्हणत. जुने सामने आज बघताना मला त्याच्या चालीत कुठेच घाई दिसत नाही.

1964 च्या मे महिन्यात सोकोल नावाच्या गावी त्याचा जन्म झाला. हे गाव रोमानियाच्या नैऋत्य टोकाला, डॅन्यूबच्या काठी, सर्बियाच्या अगदी सीमेवर आहे. बेलोदेदिच कुटुंब सर्ब वंशाचं, घरातली भाषा सर्बियन. नागरिकत्व रोमानियाचं, पण लहानपणापासून जीव जडलेला क्लब पलीकडचा, बेलग्रेडचा रेड स्टार. सीमेवरच्या गावात अशी दुहेरी माया ही जगण्याची साधी रीत असते.

खेळाडू म्हणून त्याला घडवलं ते बुखारेस्टनं. स्तेआवा हा तेव्हा रोमानियन सैन्याचा क्लब. हुकूमशहा चाउशेस्कूचा मुलगा व्हालेंतिन याचं त्याच्या कारभारात वजन होतं. 1985 पासून सलग पाच वर्षं या संघानं देशाची लीग जिंकली, आणि 1986 ते 1989 या काळात लीगमधले 104 सामने तो हरलाच नाही. 7 मे 1986 ला सेव्हिलमध्ये समोर बार्सिलोना, मैदान स्पेनमधलं, प्रेक्षकही जवळपास सगळे त्यांचेच. शूटआऊटमध्ये स्तेआवाचा गोलरक्षक हेल्मुट डुकाडामनं बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या आणि रातोरात तो दंतकथा झाला. तो मान त्याचाच. पण त्याआधीची एकशेवीस मिनिटं डुकाडामच्या पुढ्यात जी भिंत उभी होती, तिच्या मधोमध बावीस वर्षंही पूर्ण न झालेला बेलोदेदिच होता.

अडीच वर्षांनी, 1988 च्या डिसेंबरात, त्यानं देश सोडला.

तेव्हाचा रोमानिया आठवायला हवा. परदेशी कर्ज फेडण्यासाठी चाउशेस्कूनं देशातलं धान्य आणि मांस बाहेर विकायला काढलं होतं. दुकानांपुढे रांगा, घरात ऐन हिवाळ्यात वीज आणि ऊब यांची वानवा, वर गुप्त पोलिसांची नजर. डॅन्यूब पोहून पलीकडे जाऊ पाहणाऱ्या किती तरी लोकांना त्या नदीनं गिळलं, किती तरी जण सीमेवरच्या गोळीबारात मेले. बेलोदेदिच त्यांच्याहून सुदैवी. नातलगांना भेटायला म्हणून तो आई आणि बहिणीसोबत युगोस्लाव्हियात गेला आणि परत आलाच नाही. गेला तो थेट लहानपणीच्या क्लबाच्या दारात.

इकडे त्याच्या गैरहजेरीतच खटला चालला. देशद्रोहाचा ठपका, दहा वर्षांची शिक्षा. सैन्याच्या क्लबातला खेळाडू शेजारच्या देशात निघून जातो, हे त्या राजवटीला मोठं झोंबलं असणार. युरोपच्या फुटबॉल संघटनेनंही त्याच्यावर वर्षाची बंदी घातली. चोविसाव्या वर्षी, ऐन भरात, युरोपचा चषक जिंकलेला लिबेरो अधिकृत सामन्यांपासून तोडला गेला. त्याच काळात, मे 1989 मध्ये, स्तेआवा पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. बार्सिलोनाच्या कांप नोउवर मिलाननं त्याला 4-0 असं लोळवलं. गुलितचे दोन, व्हान बास्तेनचे दोन. बेलोदेदिच असता तर निकाल उलटला असता, असं मी म्हणणार नाही, ते मिलान कुणालाही आवरलं नसतं. पण स्तेआवाच्या मागच्या फळीत त्या दिवशी पडलेलं भगदाड बघताना त्याची आठवण न येणं अशक्य आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस बुखारेस्टच्या रस्त्यांवर लोक उतरले आणि नाताळच्या दिवशी चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या. राजवट गेली, तशी ती शिक्षाही गेली.

29 मे 1991, इटलीतलं बारी शहर. रेड स्टारच्या संघात प्रोसिनेच्की, साविचेविच, पान्चेव, मिहायलोविच, युगोविच अशी एकाहून एक तेजस्वी पोरं होती. समोर फ्रान्सचा मार्सेय, पापँ, वॉडल आणि अबेदी पेले यांच्यासह. उपान्त्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध धाडसी खेळ केलेला हा संघ अंतिम सामन्यात मात्र आवळून बसला, कारण आपण मोकळं खेळलो तर मार्सेय आपल्याला फाडेल, असा प्रशिक्षक पेत्रोविचचा होरा होता. ज्यांना साविचेविचची जादू बघायची होती त्यांची निराशा झाली. पण सगळा डाव बचावावर लावायचा, तर मागे विश्वासाचा माणूस हवा, आणि एवढ्या तणावाचा अंतिम सामना आधी खेळून जिंकलेला माणूस त्या संघात एकच होता.

शूटआऊटमध्ये मार्सेयची पहिलीच पेनल्टी, आमोरोसची, हुकली. रेड स्टारच्या पाचही आत गेल्या. तिसरी बेलोदेदिचची. त्याच सामन्यात मार्सेयकडून जादा वेळात उतरलेला द्रागान स्तोयकोविच काही महिन्यांपूर्वीपर्यंत रेड स्टारचा लाडका होता. आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध पेनल्टी मारायला त्यानं नकार दिला. मला या दोघांचा एकत्र विचार करावासा वाटतो. एक आपल्या जुन्या क्लबासमोर थबकला, दुसरा स्वप्नातल्या क्लबासाठी शांतपणे पुढे आला. दोघांचंही मला पटतं.

ज्या देशात त्यानं आसरा घेतला होता तो मात्र पुढच्या काही महिन्यांत फुटला. युद्ध पेटलं, पुढच्या मोसमात रेड स्टारला युरोपातले घरचे सामनेही देशाबाहेर खेळावे लागले, आणि तो सोनेरी संघ जगभर विखुरला. 1992 मध्ये बेलोदेदिच स्पेनला व्हॅलेन्सियाकडे गेला. पुढची स्पेनमधली वर्षं आणि मेक्सिकोतला मुक्काम यांत सांगण्यासारखं फारसं नाही.

रोमानियाच्या राष्ट्रीय संघाची दारं त्याला 1992 मध्ये पुन्हा उघडली होती. मग आला 1994 चा विश्वचषक. अर्जेंटिनाला 3-2 असं घरी पाठवून रोमानिया उपान्त्यपूर्व फेरीत स्वीडनसमोर उभा राहिला. कॅलिफोर्नियात भर दुपार होती, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. 2-2 अशी बरोबरी, मग शूटआऊट. रोमानियाच्या पेत्रेस्कूची पेनल्टी स्वीडनचा गोलरक्षक रावेलीनं अडवली. पाच-पाच मारून झाल्यावरही फैसला नाही. स्वीडनच्या लार्सननं गोल केला आणि बेलोदेदिच चालत निघाला. चुकला तर सगळं संपणार, हे साऱ्या मैदानाला ठाऊक होतं. रावेली पुन्हा योग्य बाजूला झेपावला.

शूटआऊटमध्ये सहावा मारणारा म्हणून बचावपटूला जावं लागतं, तेव्हा आधीचे पाच जण होऊन गेलेले असतात. पेत्रेस्कूचीही हुकली होती हे लोक विसरले, कारण शेवटची बेलोदेदिचची होती. एका तिसऱ्या देशाच्या मैदानावर, दोनच मिनिटांत, त्याच्या वीस वर्षांच्या खेळाचा सारांश ठरला आणि तोच चिकटला. हे अन्यायाचं आहे. तीन मोठी शूटआऊट त्याच्या वाट्याला आली, त्यांतली दोन त्याच्या संघानं जिंकली, आणि त्यातल्या एकात त्यानं स्वतः गोल मारला. ज्या सामन्यांचा निकाल शूटआऊटवर गेला, ते तिथपर्यंत जाण्यात त्याचाही हात होता.

1998 मध्ये तो स्तेआवात परतला. ज्या क्लबाच्या देशानं त्याला दहा वर्षांपूर्वी देशद्रोही ठरवलं होतं, त्याच क्लबानं चौतिशीतल्या त्याला पुन्हा मागच्या फळीत उभं केलं. 1985 च्या पहिल्या विजेतेपदानंतर सोळा वर्षांनी, 2001 मध्ये, त्यानं पुन्हा एकदा रोमानियाची लीग जिंकली आणि सदतिसाव्या वर्षी बूट उतरवले. हाजी, पोपेस्कू, पेत्रेस्कू या सोबत्यांची नावं जिथे घेतली जातात, तिथे हेही नाव घेतलं जावं, आणि घेताना आधी सेव्हिल आणि बारी आठवावीत.