आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त

मराठी मासिकांतून, विशेषतः महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मासिकांतून, युरोपच्या प्रवासवर्णनांची आता मुळीच वाण राहिलेली नाही. कोणताही दिवाळी अंक उघडावा, कोणीतरी आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे असतेच. त्यातही अलीकडे एक नवा प्रकार वाढीस लागला आहे. पूर्वी ही वर्णने पंधरवड्याची सहल करून आलेली मंडळी लिहीत. आता ती नोकरीनिमित्त दोन-दोन, तीन-तीन वर्षे तेथे राहून आलेले लोक लिहितात, आणि तरीही ती पंधरवड्याच्या सहलीसारखीच असतात. माझा वाद आहे तो या दुसऱ्या प्रकाराशी. सहलीवर गेलेल्या माणसाने शहराचे दर्शनी अंगच पाहिले तर त्याला कोणी दोष देणार नाही. ओसरीवरून आत जाण्याइतकी सवडच त्याला नसते. परंतु ज्याने त्या शहरात बिऱ्हाड केले, ट्रामचा पास खिशात बाळगला, दवाखान्याच्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहिली, त्यानेही परत येऊन राजवाडे आणि कारंजीच सांगावीत, हा संधीचा अपव्यय होय. आपणां सरकारी नोकरांच्या बाबतीत तर ती कर्तव्यच्युतीही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी केंद्र सरकारचा एक साधा लेखनिक आहे. तीन वर्षे माझी नेमणूक व्हिएन्ना येथे होती. या विषयावर बोलण्याचा जो काही अधिकार मला आहे तो विद्वत्तेने आलेला नसून मुक्कामाने आलेला आहे.

युरोपाच्या मध्यावर जाऊन पडलेल्या माणसाला फिरण्याचा मोह होतो हे खरेच. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर, बुडापेस्ट अडीच तासांवर, प्राग चार तासांवर. शेंगेन करारामुळे आज २९ देशांच्या आपसांतील सीमा एरवी कोणी न अडवता ओलांडता येतात. शुक्रवारी कचेरी सुटली की गाडी धरावी आणि सोमवारी सकाळी टेबलाशी हजर व्हावे. तीन वर्षांत असे दीडशेच्या वर शनिवार-रविवार हाती येतात, आणि ज्या मंडळींविषयी मी बोलतो आहे ती हा हिशेब फार काटेकोरपणे ठेवतात. देशांची यादी असते, पाहिलेल्या देशांवर खूण असते, आणि ज्या देशातून नुसती गाडी गेली तो यादीत धरावा की नाही यावर जेवणाच्या सुट्टीत हिरिरीने वाद होतात. फाइलींचा निकाल लावावा तसा शहरांचा निकाल लावला जातो. ‘प्राग झाले, आता क्राकुफ राहिले!’ या ‘झाले’मध्ये सर्व काही आले. असे सतरा देश ‘होतात’. पण सोमवार ते शुक्रवार ज्या शहराचे पाणी प्यायलो ते एक शहर मात्र कधीच आपले होत नाही.

मराठी वाङ्मयाची सुरुवात अशी नव्हती. पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्यावर १८८९ साली त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. शब्दांचा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून. तेथील राज्यव्यवस्था कशी चालते, घरे कशी आहेत, शिक्षण कोणाला मिळते, धर्मादाय संस्था कशा उभ्या राहतात, स्त्रियांची अवस्था काय आहे, हा त्या ग्रंथाचा विषय आहे. त्याच वर्षी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. पाहिलेले वाया गेले नाही. आज मुंबई-दिल्लीहून जाणाऱ्या माणसाला त्यांच्या दसपट सोयी आहेत, आणि लिहिण्यासारखे त्याला सापडते ते काय, तर कोणत्या पुलावर प्रेमी जनांनी किती कुलुपे लावली आहेत!

दुसरे उदाहरण लंडनचे. किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. आपली माणसे तेथे आवर्जून जातात, त्यात वावगे काहीच नाही. परंतु त्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याने लंडन कसे पाहिले याचाही विचार व्हावा. त्याचे दिवस ग्रंथालयात गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध आणि बॅरिस्टरी ही त्या मुक्कामाची मिळकत होती. त्या घरासमोर छायाचित्र काढून घेणाऱ्याने, आपण या मुक्कामातून काय नेणार आहोत, हा प्रश्न स्वतःला विचारला तर ते खरे अभिवादन ठरेल.

‘पण राजवाडे सोडून तेथे पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असे मला विचारण्यात येते. व्हिएन्नाचीच गोष्ट सांगतो. श्वार्त्सेनबेर्ग चौकात एक उंच कारंजे आहे. प्रत्येक प्रवासी त्याचे छायाचित्र काढतो. ते कारंजे १८७३ साली उडू लागले ते शोभेसाठी नव्हे. शहरातील विहिरी दूषित झाल्या होत्या, पटकी आणि विषमज्वर यांनी माणसे मरत होती. तेव्हा एडुआर्ड झ्युस या भूगर्भशास्त्रज्ञाने आग्रह धरून दूरच्या आल्प्सच्या कुशीतील झऱ्यांचे पाणी नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणविले. त्या योजनेच्या पूर्ततेची ती खूण आहे. दुसरी जलवाहिनी १९१० मध्ये आली, आणि आजही व्हिएन्नाचा नळ मुख्यत्वे हेच पाणी देतो. आपल्या वाचकांत नगरपालिकांशी, आरोग्यखात्याशी, जलखात्याशी संबंध असलेले कितीतरी अधिकारी आहेत. त्यांना कारंज्याच्या तुषारांतील इंद्रधनुष्य हवे आहे की पंपावाचून दीडशे वर्षे वाहणाऱ्या पाण्याची हकीकत हवी आहे?

आणखी एक वास्तू घ्या. शहराच्या उत्तर भागात कार्ल मार्क्स होफ नावाची किलोमीटरभराहून लांब इमारत आहे. १९२७ ते १९३० या काळात नगरपालिकेने कामगारांसाठी ती बांधली. तीत १,३८२ बिऱ्हाडे होती, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे पाणी व शौचकूप होते, आणि आवारात धुलाईघरे व बालकमंदिरे होती. त्यासाठी १९२३ पासून घरांवर चढता कर बसविला होता. मोठ्या घराला मोठा, लहानाला नाममात्र. १९३४ च्या फेब्रुवारीतील यादवीत याच इमारतीवर सरकारी तोफा डागल्या गेल्या. आता याच दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काय बांधले ते आठवावे. बी. डी. डी. चाळी! एकेक खोलीचे बिऱ्हाड आणि मजल्यावर सामाईक शौचकूप. शंभर वर्षांनी आज त्यांचा पुनर्विकास चालला आहे. एकाच दशकात दोन शहरांनी कामगारांच्या घरांविषयी दोन निर्णय घेतले, आणि त्यांचे परिणाम तीन-चार पिढ्यांनी भोगले. ज्याचे आजोळ नायगावच्या चाळीत आहे अशा मराठी माणसाला व्हिएन्नात याहून पाहण्यासारखे दुसरे काय असू शकेल? पण हे ठिकाण राजवाड्याच्या रस्त्यावर नाही, म्हणून ते वर्णनात नाही.

स्पिटेलाऊ येथील कचरा जाळण्याच्या कारखान्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १९८७ च्या आगीनंतर हुंडर्टवासर या चित्रकाराने त्याला रंगीबेरंगी रूप दिले. १९९२ मध्ये ते काम पुरे झाले. तेव्हापासून प्रवासी त्याच्या सोनेरी गोळ्याचे चित्र घेऊन पुढे जातात. आत शहराचा कचरा जळतो आणि त्या उष्णतेवर हजारो घरे हिवाळ्यात ऊब घेतात, हे विचारायला थांबतो कोण?

मी लेखनिक, म्हणून शेवटी कागदाची गोष्ट सांगतो. ऑस्ट्रियात घर बदलले की तीन दिवसांत पत्त्याची नोंद करावी लागते. एक साधा छापील नमुना, त्यावर घर देणाऱ्याची सही, शुल्क नाही. नोंद झाल्यावर जो दाखला हाती पडतो तोच बँकेत, शाळेत, सर्वत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. बदलीच्या गावी वास्तव्याच्या पुराव्यासाठी आपण किती खिडक्यांपुढे उभे राहतो ते या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या पद्धतीतही दोष आहेत. माणसाचा ठावठिकाणा सरकारला इतका पक्का ठाऊक असावा काय, हा प्रश्न उरतोच, आणि युरोपच्या इतिहासात अशा नोंदींचा दुरुपयोगही झालेला आहे. परंतु हा सारा विचार करण्याची योग्यता ज्यांच्यापाशी आहे, त्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हीच तो केला नाही, तर तो करणार कोण? सरकारने परदेश भत्ता देऊन आपल्याला तेथे पाठविले. परतताना आपण चुंबकाची चित्रे आणतो आणि कचेरीला सांगण्यासारखी एकही गोष्ट आणत नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. भाषा येत नाही, हा पहिला. पण तीन वर्षांत बाजारहाटापुरतीही जर्मन ज्याला येत नाही त्याने दीडशे शनिवार-रविवारांचा हिशेब द्यावा. वेळ नाही, हा दुसरा. त्याचे उत्तर पहिल्यातच आले. कारकुनाला कोण विचारतो, हा तिसरा. शेजारच्या म्हातारीशी बोलायला राजदूताचे पद लागत नाही. किंबहुना घरातील स्त्रीला हे शहर बहुधा आपल्याहून अधिक ठाऊक असते. शाळेतील बाईंशी, पाववाल्याशी, डॉक्टरशी तिचीच गाठ पडते. परंतु प्रवासवर्णन लिहायला बसताना तिला कोणी विचारीत नाही. आणि चौथा आक्षेप, ही संधी पुन्हा येणार नाही. बरोबर! म्हणूनच ती धावण्यात घालवू नये. प्रेक्षणीय स्थळे पाहूच नयेत असे मी म्हणत नाही. व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात ब्रॉयगलच्या चित्रांचे एक दालन आहे. प्रवासी तेथे दहा मिनिटे थांबतो. रहिवाशाला दर महिन्याला जाऊन एकेका चित्रापुढे तासभर बसता येते. ही चैन पैशाची नव्हे, मुक्कामाची आहे.

धावत्या पाहुण्यांना युरोपही आता कंटाळला आहे. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांवर ५ युरोंचा प्रवेशकर बसविला. १९५१ च्या सुमारास ज्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या घरात वस्ती होती, तेथे आता ५० हजारही रहिवासी उरलेले नाहीत. बार्सिलोनात २०२४ च्या जुलैत लोकांनी पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडविले, आणि पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे १० हजार सदनिकांचे परवाने २०२८ मध्ये संपविण्याचे तेथील महापौरांनी जाहीर केले आहे. घरभाड्यापायी आपल्याच गल्लीतून उठावे लागणाऱ्या माणसाची ही तक्रार आहे. ज्याने स्वतः बदलीच्या गावी घर शोधले आहे त्याला ती कळायला हवी. आपण पिचकारीची बातमी गमतीने सांगतो, भाड्याची सांगतच नाही.

ही व्याधी केवळ परदेशी नेमणुकीची असती तर या पृष्ठांवर तिचा एवढा विस्तार केला नसता. कोलकात्याला बदली झालेल्या आपल्या किती कुटुंबांना दार्जिलिंग आणि पुरी ‘झाली’, आणि किती जणांनी बंगाली शेजाऱ्याच्या घरी पानावर बसून भात खाल्ला? शिलाँगला चार वर्षे काढून खासी भाषेतील चार शब्द किती जणांना येतात? देवघर परिसरात जन्मलेल्या, मराठी कुळातील सखाराम गणेश देऊसकरांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला. देशाची आर्थिक लूट त्यांनी तीत अशी मांडली की १९१० मध्ये इंग्रज सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. बृहन्महाराष्ट्र म्हणतात तो हा. जेथे राहिलो तेथल्या भाषेत तेथल्या लोकांच्या उपयोगी पडावे, याहून परमुलखातील मराठीपणाची मोठी व्याख्या मला माहीत नाही. गणेशोत्सव आणि तीळगूळ अवश्य असावेत. पण ती केवळ आपल्या भिंतीच्या आतली गोष्ट झाली.

संपादकांना माझी एक विनंती आहे. यापुढे परदेशातील मुक्कामावरचा लेख आला की तो छापण्यापूर्वी लेखकाला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या शेजाऱ्याचे नाव काय? त्याचे उत्पन्न व घरभाडे यांचा मेळ कसा बसतो? आणि त्या शहरात सामान्य माणसाची तक्रार कोण, कोठे ऐकून घेतो? तिन्हींची उत्तरे आली तर राजवाड्याची दोन पाने खुशाल छापावीत. न आली तर लेख साभार परत करावा, आणि लेखकाची मुदत अद्याप संपली नसेल तर पुढचे काही शनिवार-रविवार त्याने गावातच काढावेत असे सोबत कळवावे.