कागद काट्यावर ठेवा

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी ते २१ ऑक्टोबरला होतं. अधिक ज्येष्ठामुळे सगळेच सण पुढे सरकलेत: राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला, गणपती १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला. जूनच्या मध्यावर अधिक संपला की जावयाच्या वाणाची गिऱ्हाइकी ओसरेल, लग्नपत्रिकांची पुन्हा सुरू होईल, आणि त्या गडबडीत दिवाळीच्या मालाचा विषय नेहमीप्रमाणे ‘बघू पुढच्या महिन्यात’वर जाईल. तसं करू नका. पंचांगाने अठरा दिवस जास्तीचे दिलेत. ते नमुने मागवण्यात घाला. आता आपल्यातले बरेचजण कार्डं, गिफ्ट बॉक्स, रिबिनी, पिशव्या फोनवरूनच मागवतात, आणि नमुना न बघता मागवतात.

मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत माल घेताना आपण कार्ड हातात घेतो, कोपरा वाकवतो, बोट फिरवतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत भाव पाडतो. फोनवर यातलं काहीच होत नाही, फोटोला भुलण्याची सोय तेवढी असते. म्हणून हाताला जे कळायचं ते आकड्यांत विचारावं लागतं: किती जीएसएम, किती मिलिमीटर, कर धरून किती, दुकानात पोहोचेपर्यंत किती. हे चार आकडे ज्याला लेखी देता येत नाहीत, त्याचा भाव कितीही गोड असला तरी पुढे चालू लागावं.

३०० जीएसएम हे हल्ली प्रत्येकाच्याच यादीत लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. नमुन्याच्या कार्डातून १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा. असे शंभर चौकोन म्हणजे एक चौरस मीटर, त्यामुळे ३०० जीएसएमचा चौकोन ३ ग्रॅम भरला पाहिजे. शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवा. अडीच ग्रॅम भरला, तर २५० च्या कागदाला आपण ३०० चे पैसे मोजतोय. सराफ ओळखीचा नसेल तर ए५ आकाराची घडीची दहा कार्डं एकत्र ठेवा. असं कार्ड उघडलं की ए४ होतं, म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा, आणि ३०० जीएसएमच्या दहा कार्डांचं वजन साधारण १८७ ग्रॅम येतं. किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही हा फरक कळतो. लॅमिनेशनचं वजन यात धरलं जातं हे मात्र विसरू नका. लॅमिनेट केलेला चौकोन बरोबर ३ ग्रॅम भरला, तर आतला कागद ३०० चा नाही.

वजन जमलं तरी काम संपत नाही. आर्ट कार्ड दाबून गुळगुळीत केलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच जीएसएमचं बॉक्स बोर्ड हाताला जास्त जाड लागतं, आणि गिऱ्हाईक जीएसएम विचारत नाही, जाडी चाचपतं. घडी ग्रेनच्या उलट असेल तर गडद छपाई घडीवर तडकते आणि मधोमध पांढरी रेघ येते, म्हणून नमुना दहा वेळा उघडमीट करून बघा. आतल्या बाजूवर जेल पेनाने चार शब्द लिहा आणि लगेच अंगठा फिरवा. आतूनही चकचकीत कोटिंग असेल तर शाई पसरते. स्वतःच्या अक्षरात लिहिता येत नसेल तर गिऱ्हाइकाने कार्ड विकत कशाला घ्यावं? छापील शुभेच्छा त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट मिळतात.

पाकिटांची तऱ्हा याहून वाईट. आपल्याकडे कार्ड इंचात विकलं जातं आणि पाकीट पुष्कळदा ए, बी, सी मापांत. ए६ कार्ड १०५ बाय १४८ मिलिमीटरचं, त्याचं सी६ पाकीट ११४ बाय १६२ चं. इथे कार्ड सुखाने सरकतं. पण सगळ्यात खपाचं कार्ड ५ बाय ७ इंचांचं, म्हणजे १२७ बाय १७८ मिलिमीटर. त्याच्यासाठी यादीत ‘जवळचं माप’ म्हणून बी६ दाखवतात, आणि ते आहे १२५ बाय १७६. फोटोत दोन्ही शेजारी ठेवले तर फरक शोधून सापडत नाही. प्रत्यक्षात दोन मिलिमीटरने कार्ड आत जात नाही आणि हजार पाकिटं गल्ल्याखाली पडून राहतात. कार्ड आणि पाकीट एकाच विक्रेत्याकडून, एकाच ऑर्डरमध्ये घ्या आणि ‘कार्ड पाकिटात घालून’ नमुना मागवा. वर फुलं, रिबिन किंवा मणी चिकटवलेलं कार्ड असेल तर पाकिटाला सगळीकडून आणखी मोकळीक लागते. शिवाय जुलै-ऑगस्टात कोकणात किंवा घाटावर पाणी लावायच्या गोंदाची पाकिटं मागवलीत तर दिवाळीपर्यंत निम्मी आपोआप बंद झालेली मिळतील. पट्टी सोलून चिकटवायची पाकिटं थोडी महाग पडतात, पण पावसाळ्यात तीच घ्या.

मराठी मजकुराची कार्डं शिवकाशीहून किंवा दिल्लीच्या चावडी बाजारातून छापून घेणाऱ्यांनी मजकूर कधीही टाइप करून पाठवू नये. तिकडच्या मशीनवर दुसराच फाँट बसतो आणि ‘साऱ्यांना’मधला ऱ्या मोडतो, च्छ तुटतो, ‘दिवाळी’ची ‘दिवाली’ होते. इथल्या डीटीपीवाल्याकडून अक्षरांचे कर्व्ह करून घ्या, त्याची पीडीएफ द्या आणि तिकडून आलेलं प्रूफ फोनच्या पडद्यावर नव्हे, कागदावर काढून वाचा. रंगाचंही तसंच आहे. पडद्यावरचा भगवा उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. कॉर्पोरेट ऑर्डरीत कंपनीचा लोगो असेल तर छापील नमुन्यावर गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका.

आता पोहोच खर्च. कुरिअर फक्त वजन बघत नाही, जागाही मोजतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात आणि जो आकडा मोठा त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चा रिकाम्या गिफ्ट बॉक्सचा खोका काट्यावर दोन किलो भरेल, बिल मात्र ७.२ किलोचं येईल. हवा विकत घेण्यापेक्षा घडीचे बॉक्स घ्या, आणि कडक बॉक्स हवेच असतील तर एकात एक बसणारे तीन आकारांचे संच मागवा. रिबिन, कार्डं, टॅग असा जड आणि आटोपशीर माल लांबून ट्रान्सपोर्टने आणायला परवडतो. तिथेही भाडं ‘पेड’ की ‘टू पे’, माल दुकानात की गोडाऊनवर, हमाली कोणाची, हे बिल्टी बनण्याआधी ठरवा. परराज्यातून ५०,००० रुपयांवरचा माल येत असेल तर ई-वे बिल लागतं. ‘दोन बिलं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

कराबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डं, कॅटलॉग असा छापील माल १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ चा टप्पाच उठला आणि कोरुगेटेड खोके ५ टक्क्यांवर आले. अजूनही १२ टक्के छापलेली यादी दिसली तर ती शिळी आहे, आणि तिच्यातला भावही बहुधा तसाच. बिलावर आपला जीएसटी नंबर आहे ना आणि ते बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतंय ना, हे बघा. कॉम्पोझिशनमधल्या दुकानदाराला क्रेडिट मिळतच नाही, म्हणून त्याने करासहच्या भावाचीच तुलना करावी. आणि दिवाळीला कायमच्या गिऱ्हाइकांना आपण ज्या डायऱ्या फुकट वाटतो, त्यांवरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे कोणालाच मिळत नाही. भेटवस्तूंच्या व्यापाऱ्यालाच भेट महाग, असा हा प्रकार.

ऑनलाइन यादीत दिसतो तो सगळा माल विकायला चालतो, असंही नाही. फुग्यांच्या प्लास्टिकच्या दांड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यांभोवती आणि निमंत्रणपत्रिकांभोवती गुंडाळायची फिल्म, हे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच स्वतंत्र बंदी आहे: पहिल्यांदा ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दंड आपल्या काउंटरवर होतो, पाठवणाऱ्याच्या नाही. टेडी आणि इतर खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ‘हे खेळणं नाही, गिफ्ट आहे’ ही पाठवणाऱ्याची पळवाट तपासणीला आलेला अधिकारी ऐकत नाही. नोंदणीकृत कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत उत्पादकांना यातून सूट आहे. चन्नपट्टणची लाकडी खेळणी ठेवणाऱ्यांनी तेवढे कागद मागून घ्यावेत.

नव्या विक्रेत्याला पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकला की नाव, राज्य, नोंदणी कधीची आणि चालू की रद्द, हे लॉगिन न करता दिसतं. बँक खातंही त्याच नावाचं हवं. पैसे गेलेच तर ‘दोन दिवस वाट बघू’ म्हणू नका, त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

माल आला पण नमुन्यासारखा नाही, तर काय? ग्राहक मंचाकडे जाऊ, असं आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फेरविक्रीसाठी माल घेणारा ग्राहक धरलेलाच नाही, त्यामुळे तो दरवाजा दुकानदाराला बंद आहे. आपल्या कामाचा कायदा त्याहून खूप जुना आहे, १९३० चा मालविक्री कायदा. नमुन्यावरून झालेल्या सौद्यात सगळा माल नमुन्याबरहुकूम हवा आणि तो ताडून पाहायला घेणाऱ्याला वाजवी संधी मिळाली पाहिजे, असं त्याचं कलम १७ सांगतं. म्हणून ऑर्डरमध्ये ‘सोबतच्या नमुन्याप्रमाणे’ हे शब्द लिहा, नमुन्यावर तारीख टाकून तो फाइलला लावा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या. त्याच कायद्याचं कलम ४२ मात्र आपल्यावर उलटू शकतं: नाकारल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. फोनवर ‘बघतो शेठ, माणूस पाठवतो’ ऐकून पंधरा दिवस काढलेत, तर मुदत आपलीच संपते. तक्रार खोका उघडला त्याच दिवशी, लेखी, नमुन्याच्या फोटोसह पाठवा, आणि निकाल लागेपर्यंत त्यातलं एकही कार्ड काउंटरवर लावू नका.