रात्रिंचर पालीस दिवा कशाला?

रात्री हिंडणाऱ्या प्राण्यास दिव्याची गरज ती काय? प्रश्न सरळ आहे, आणि ‘काही नाही’ हे त्याचे तितकेच सरळ उत्तर बरीच वर्षे दिले जात असे. इंग्लंड-अमेरिकेतील पुष्कळ घरांतून ‘लेपर्ड गेको’ नावाची ठिपकेदार पाल काचपेटीत हौसेने पाळली जाते. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांच्या कानी ही हौस आली असेल. (पाल, आणि तीही मुद्दाम विकत आणलेली, हे ऐकून आपल्याकडील आजीबाई पदर सावरून उठतील, पण ते असो.) दिवसा ती कपारीत दडते, तिन्हीसांजेस बाहेर पडते, तेव्हा पेटी उबदार ठेवली, किडे घातले, की पाळणाऱ्याचे कर्तव्य संपले, अशी समजूत होती. आमच्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत तो मुका जीव आपल्या हाडांनी भरतो.

ह्या पालीचे मूळ घर म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत ह्यांतील कोरडा, खडकाळ मुलूख. आपल्या भिंतीवरील पालीस पापण्या नसतात, हिला त्या असतात. उलट बोटांस चिकटगाद्या नसल्याने हिला काचेवर चढता येत नाही. हिच्याच कुळातील एक पाल सातपुड्यात आढळते व तिची निराळी जात म्हणून नोंद २०१४ साली झाली. अशा पाली विषारी असतात ही समजूत निखालस खोटी आहे. मात्र म्हणून कोणी त्या रानातून धरून आणू नयेत. आम्ही लिहितो ते पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्याच घरी उपजलेल्या पालींविषयी.

आता हाडांची गोष्ट. हाडास कॅल्शियम हवे आणि पोटातील कॅल्शियम रक्तात उतरण्यास ड जीवनसत्त्व हवे. पेटीतील पालीचे अन्न म्हणजे रातकिडे व अळ्या. त्यांत कॅल्शियम अगदी थोडे आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट असतो. अशा आहारावर रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागले, की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात, आणि चालताना पोट जमिनीवरून उचलेनासे होते. घरची मुले म्हणतात, “हल्ली ती आळशी झाली आहे.” आळस कसला! तो माणसाच्या मुलांस होणाऱ्या मुडदुसाचाच भाऊबंद होय. बर्लिनचे डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की ह्यांनी १९१९ साली मुडदूस झालेल्या बालकांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश सोडला, आणि त्यांची हाडे सुधारल्याचे क्ष-किरणांच्या चित्रांनी दाखवून दिले. त्वचेवर पडणारे अतिनील किरण ड जीवनसत्त्व घडवितात, हे त्यामागील मर्म पुढे उलगडले.

परंतु रात्रिंचर पालीस ऊन लागतेच कोठे, असे कोणी म्हणेल. थोडे लागते. कपारीच्या तोंडाशी, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात तिच्या अंगाचा एखादा भाग उघडा राहतो, आणि तेवढ्यावर तिचे भागते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री हिंडणारी भूमध्यसागरी घरपाल व उन्हात बसणारा टेक्सासचा काटेरी सरडा ह्यांची तुलना केली होती. थोड्या किरणांत ड जीवनसत्त्व घडविण्यात पालीचीच त्वचा अधिक तरबेज ठरली. पुढे २०१८ सालच्या एका प्रयोगात लेपर्ड गेकोंस रोज केवळ दोन तास असा प्रकाश दिला असता त्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व वाढलेले आढळले.

ह्यावर भुकटीवाले म्हणतात, ड जीवनसत्त्व घातलेली भुकटी किड्यांस चोळली की काम झाले. ते खोटे नव्हे. कित्येक पाली केवळ तिच्यावर धडधाकट वाढल्या आहेत. पण एक भेद ध्यानी घ्यावा. प्रकाशाने घडणारे जीवनसत्त्व गरजेपुरते झाले, की पुढचे किरण त्याचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. त्वचेपाशी जणू पहारेकरी असतो. तोंडावाटे गेलेल्यास असा पहारेकरी नाही. ते चरबीत साठते, आणि अति झाले तर मूत्रपिंडे व रक्तवाहिन्या ह्यांत चुना साचतो. म्हणून आमचा कौल सौम्य दिवा आणि साधी कॅल्शियमची भुकटी ह्या जोडीस आहे. ड जीवनसत्त्वाची भुकटी क्वचित, आणि दिवा नसेल तर सरीसृपांच्या वैद्यास विचारून बेताने द्यावी. किड्यांसही आदल्या दिवशी पालेभाजी वगैरे सकस अन्न खाऊ घालावे; उपाशी रातकिडा म्हणजे नुसते टरफल.

दिवा पेटीच्या उबदार टोकाकडे, दिवसाच लावावा. दुसऱ्या टोकास दाट सावली व दडण्यास जागा असावी, म्हणजे किती प्रकाश घ्यावा हे पालच ठरवील. पांढुरक्या, रंगहीन जातींचे डोळे नाजूक असतात. त्यांस त्याहूनही कमी. खिडकीतले ऊन ह्या कामी निरुपयोगी, कारण हे किरण काच अडविते. उलट उन्हात ठेवलेली काचपेटी भट्टीसारखी तापून पाल मरते.

रात्री मात्र काळोखच हवा. दुकानांत रात्रीसाठी लाल-निळे दिवे विकले जातात. स्वीडनमधील संशोधिकांनी २००४ साली दाखविले, की माणसास जेथे रंग कळत नाहीत अशा मंद चांदण्याएवढ्या उजेडातही एक रात्रिंचर पाल निळा व करडा हे रंग वेगळे ओळखते. एवढ्या तीक्ष्ण डोळ्यांपुढे रात्रभर निळा दिवा ठेवण्यात आम्हांस शहाणपण दिसत नाही. ऊब हवी तर उजेड न देणारा चिनीमातीचा हीटर थर्मोस्टॅटसह लावावा.

हाडे एकदा वाकली की उपचाराने रोग थांबतो, वाक बहुधा जात नाही. आणि अतिनील दिव्याची एक खोड अशी, की वर्षभराने तो पूर्वीसारखाच उजळ दिसतो, पण त्यातील उपयोगी किरण पुष्कळसे ओसरलेले असतात. तेव्हा नवा दिवा बसविला त्याच दिवशी त्याची तारीख पेटीच्या मागे चिकटवून ठेवावी.