जुने लेथ विकावे की बदलून घ्यावे?

व्यापारी घराण्यातील मुलगा अभियांत्रिकीची पदविका घेऊन घरी येतो आणि दुकानाच्या गादीवर बसण्याऐवजी कारखाना काढण्याची इच्छा बोलून दाखवितो, हा प्रसंग कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडील कुटुंबांना आता नवा राहिलेला नाही. वडील भांडवल देण्यास तयार असतात. परंतु संगणक-नियंत्रित, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सीएनसी’ लेथचे दरपत्रक हाती आले की त्यांचा हात आखडतो. अशा वेळी कोणीतरी मधला मार्ग सुचवितो. एखादे जुने, भक्कम लेथ स्वस्तात घ्यावे, त्याची हँडले काढून तेथे मोटरी बसवाव्यात, कंट्रोलर जोडावा, की काम झाले! हा सल्ला चुकीचा नाही. मात्र जितक्या सहजपणे तो दिला जातो, तितके ते काम सहज नाही.

या मार्गाला हलका समजण्याचे तर मुळीच कारण नाही. आकड्यांवर चालणारे पहिले यंत्र हेच मुळी बदलून घेतलेले जुन्या धाटणीचे यंत्र होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असत. पात्यांच्या वक्राकार साच्यांसाठी वक्रावरील बिंदूंची गणिते ते पंचकार्डाच्या यंत्रावर करून घेत. मग एक माणूस आकडे वाचून दाखवी आणि दोघे जण मिलिंग यंत्राच्या दोन बाजूंची हँडले त्याप्रमाणे फिरवीत. ही माणसांची फिरवाफिरव यंत्राकडे सोपविता येईल काय, या विचारातून १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे कंत्राट मिळाले, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेने काम हाती घेतले आणि १९५२ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले. त्यासाठी नवे यंत्र ओतले गेले नाही. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रो-टेल जातीचे तयार मिलिंग यंत्र घेऊन त्यालाच छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा देण्याची व्यवस्था करण्यात आली.

तेव्हा प्रश्न असा की, हँडल फिरविणारा माणूस बाजूला झाला, तर त्याच्याबरोबर नेमके काय काय बाजूला होते?

वीस-पंचवीस वर्षे एकाच लेथवर उभ्या असलेल्या कोणत्याही मिस्त्रीला विचारावे. तो सांगेल, “मालक, हँडल आधी उलटं फिरवून मग पुढं घ्यावं लागतंय. सरळ घेतलं तर माप चुकतंय.” स्क्रू आणि नट यांचे आटे झिजले की त्यांच्यात मोकळीक निर्माण होते. हँडलची दिशा बदलली तरी प्रथम ही मोकळीक भरून निघते आणि मगच स्लाइड हलते. यालाच कारखान्यात ‘बॅकलॅश’ म्हणतात. मिस्त्री ती मोकळीक हाताने ओळखतो, मायक्रोमीटर लावतो, थोडा काप घेतो, पुन्हा मापतो. यंत्राचे वय त्याने आपल्या कौशल्याने झाकून ठेवलेले असते. म्हणूनच ‘आमचे लेथ अजून अचूक आहे’ असे मालक जेव्हा म्हणतो, तेव्हा बहुधा अचूक असतो तो मिस्त्री.

संगणकाला हे झाकता येत नाही. मोटरीच्या मागे बसविलेला एन्कोडर मोटर किती फिरली एवढेच सांगतो. स्लाइड किती सरकली हे त्याला ठाऊक नसते. स्क्रूचा एक फेरा म्हणजे ५ मिलिमीटर आणि एन्कोडरचे एका फेऱ्यात १०,००० ठोके, असे धरले तर एक ठोका अर्ध्या मायक्रॉनचा झाला. पडद्यावर तीन दशांश स्थळांपर्यंत आकडे झळकतात आणि पाहणारा हरखून जातो. पण तो पडद्यावरचा आकडा आहे, जॉबवरचे माप नव्हे. शिवाय लेथवर आडव्या स्लाइडची चूक व्यासात दुप्पट होते, ०.०५ मिलिमीटरची चूक असेल तर व्यास ०.१० ने बिघडतो.

‘कंट्रोलरमध्ये बॅकलॅशची भरपाई टाकता येते,’ असे विकणारा सांगतो. येते, हे खरे. परंतु जुना स्क्रू सर्वत्र सारखा झिजलेला नसतो. जेथे रोजचे काम चालते तेथे तो अधिक झिजतो, टोकांना जवळजवळ नवाच राहतो. अशा स्क्रूला एका आकड्याची भरपाई कशी लागू पडणार? यास्तव जुना स्क्रू काढून बॉल स्क्रू बसविणे हा या कामातील न टाळता येणारा खर्च होय. त्यात नट आणि स्क्रू यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात, घर्षण फार कमी होते आणि मोकळीक जवळजवळ उरत नाही. मात्र कमी घर्षणाची दुसरी बाजूही आहे. बॉल स्क्रू स्वतःहून अडून राहत नाही. मिलिंग यंत्राच्या उभ्या अक्षावर तो बसविला आणि मोटरीला ब्रेक नसला, तर वीज जाताच जड भाग आपोआप खाली येतो. ब्रेकचे पैसे वाचविणारा कारागीर हात चिरडण्याची सोय करून ठेवतो, असेच म्हटले पाहिजे.

मोटर आणि कंट्रोलर बाजारात केव्हाही नवे मिळतात. लोखंड मात्र जुनेच राहणार. म्हणून खरेदीपूर्वी पारख करावयाची ती लोखंडाची. माल हाती घेऊन पाहिल्याशिवाय सौदा न करणारी माणसे यंत्राच्या बाबतीत मात्र ताज्या रंगावर भुलतात, हे नवल आहे. बेडवरून चकच्या बाजूने नख फिरवावे. झिजलेल्या व न झिजलेल्या पट्ट्यांमध्ये पायरी जाणवली तर सावध व्हावे. आडव्या स्लाइडची गिब मध्यभागी घट्ट करून स्लाइड टोकाकडे न्यावी. तेथे ती अडली तर मधला भाग झिजलेला आहे असे समजावे. चकखाली लाकडी दांडा घालून हलका जोर द्यावा आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहावे. त्यावरून स्पिंडलच्या बेअरिंगांची अवस्था कळते. शेवटी जाड गज चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, हलका काप घ्यावा आणि दोन्ही टोकांचे व्यास मापावेत. व्यासांत फरक आला तरी लगेच यंत्राला दोष देऊ नये. लेव्हल नीट नसली तर बेडला पीळ बसतो आणि तसाच फरक दिसतो. आधी लेव्हल करून घ्यावी, मग पुन्हा पाहावे. बेड झिजलेलेच निघाले तर ग्राइंडिंग व स्क्रॅपिंगचा खर्च खरेदीच्या किमतीत मिळवून मगच भाव बोलावा.

बदलून घेण्यास सर्वांत योग्य यंत्र कोणते? ज्याचा कंट्रोलर मेला आहे, पण लोखंड शाबूत आहे, असे जुने सीएनसी यंत्रच. त्यात बॉल स्क्रू, आवरण, वंगणाची व्यवस्था हे सारे मुळातच असते. त्याखालोखाल मोठी, अवजड यंत्रे. कारण त्यांचे ओतीव नव्याने घ्यावयाचे तर किंमत आवाक्याबाहेर जाते. साध्या लहान लेथचे रूपांतर हिशेबात सर्वांत नाजूक ठरते. दहा-वीस नगांचे निरनिराळे जॉब, पंपाचे शाफ्ट, बुश, पुली अशा कामाला ते पुरते. एकाच भागाचे हजारो नग दररोज काढावयाचे असतील, तर कर्ज काढून नवे यंत्र घेणेच स्वस्त पडेल. जुन्या यंत्राचा संथ वेग दर नगामागे थोडा थोडा वेळ खातो आणि तो तोटा कोणत्याही बिलात दिसत नाही.

आणखी काही खर्च दरपत्रकात बहुधा लिहिलेले नसतात. आटे पाडावयाचे असतील तर स्पिंडललाही एन्कोडर हवा, कारण गिअरांची जुनी साखळी निघून गेलेली असते. हाताने चालविताना मिस्त्री कीस चुकवून उभा राहत असे. आता वेग वाढणार, म्हणून पुढे झाकण हवे. जुना चक किती फेऱ्यांसाठी बनविलेला आहे, तेही तपासावे लागते. लाल आपत्कालीन बटणाने ड्राइव्हची वीज स्वतंत्र रिलेतून तुटली पाहिजे. ‘प्रोग्राम थांबवतो’ एवढे उत्तर पुरेसे नाही. अर्थिंग कच्चे असेल आणि मोटरीच्या व सिग्नलच्या तारा एकाच नळीत कोंबल्या असतील, तर यंत्र मधूनच अकारण थांबते आणि कारण शोधण्यात आठवडे जातात.

रूपांतर करणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी वायरिंगचा नकाशा, कंट्रोलरच्या सर्व पॅरामीटरांची प्रत आणि पासवर्ड ताब्यात घ्यावेत. अनेक कंट्रोलरांत ही माहिती बॅटरीच्या आधाराने टिकते. बॅटरी संपली की स्मृती पुसली जाते आणि चालते यंत्र मुके होते. अशा कंट्रोलरची बॅटरी वीज चालू असतानाच बदलावयाची असते, हे पॅनेलच्या दारावर मराठीत लिहून ठेवावे. जमाखर्चाच्या वह्या जपणाऱ्या घरात हा एक कागद मात्र हरवतो.

राहिला मिस्त्री. नवे यंत्र सुरू झाले की शेठजींच्या मुलाला वाटते, आता प्रोग्राम लिहिणारा पोरगा पुरे. पण कापाचा आवाज बदलला, टूलची धार गेली, जॉब थरथरला, हे त्या पोराला कळेपर्यंत ओतीव वाया गेलेले असते. मिस्त्रीला जी-कोड नवा असतो, अवघड नव्हे. टूल झिजल्यावर ऑफसेटमध्ये किती शतांश मिळवायचे, हे तो काही दिवसांत शिकतो, कारण तेच काम त्याने आजवर हँडलने केलेले असते. पहिला जॉब लावताना टूल हवेत ठेवून प्रोग्राम एकदा रिकामा चालवितात. त्या वेळी लाल बटणावर हात त्याचाच असावा आणि पहिल्या नगाचे मापही त्यानेच घ्यावे. त्याचा पगार ठरविण्याची बोलणी मात्र त्याच्या लेथची हँडले निघण्यापूर्वी व्हावीत, नंतर नव्हे.