नव्या कारचा रंग जपायचाय? कोटिंगआधी फडकं बदला
नव्या कारची डिलिव्हरी घेताना सिरॅमिक कोटिंगचा आग्रह होतोच. या पातळ थरावर पाणी आणि धूळ फारशी टिकत नाही. पण महामार्गावर उडणारी खडी तो अडवत नाही. त्यासाठी साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पेंट प्रोटेक्शन फिल्म लागते. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. रोज सकाळी धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की तोच घासला जातो. म्हणून आधी पाण्याने धूळ उतरवावी, मग मायक्रोफायबर कापड वापरावं. नख न अडकणारा ओरखडा बहुधा पॉलिशने जातो. पत्रा दिसू लागला, तर गंज चढण्याआधी टच-अप करून घ्यावं. हजारो रुपयांच्या कोटिंगआधी ही शिस्त हवी. तिच्याशिवाय कोटिंगचाही उपयोग नाही.