वाकडी मान आणि एकटी आई

परवा गल्लीतली एक सून दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळाची मान सारखी डावीकडे कलायची, हनुवटी उजवीकडे. सासूबाई म्हणाल्या, ‘नीट निजवत नाहीस.’ मालीशवाली म्हणाली, ‘चोळून सरळ करते.’ खरं तर यात आईचा दोष नसतो. बहुतेकदा मानेचा एक स्नायू आखडलेला असतो. आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग फिजिओथेरपिस्ट हलके व्यायाम शिकवतात. वेळेवर सुरुवात केली, तर बहुतेक बाळं शस्त्रक्रियेविना बरी होतात. मान जोरात पिरगाळणं मात्र धोक्याचं!

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी होते, पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. पण सोय जिल्ह्याला आणि आई खेड्यात! एसटीचं भाडं २०२३ पासून बायकांना निम्मं झालं, बुडालेल्या मजुरीचं काय? व्यायाम तर रोज, महिनोन्‌महिने करायचे. म्हणून फिजिओथेरपिस्ट तालुक्यापर्यंत यायला हवा, हे आपणच मागायला हवं. तोवर मैत्रिणींनो, आशाताईंना विचारा. आणि अशा आईला सल्ले देण्यापेक्षा एकदा तिच्यासोबत दवाखान्यात जा.