वेसाव्याच्या पाण्याचा आकडा

वर्सोव्याच्या चौपाटीवर संध्याकाळी मुले लाटांत खेळतात. वेसावा कोळीवाड्याची तर रोजीरोटीच या समुद्रावर आहे. या पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते आणि निष्कर्ष संकेतस्थळावर टाकते. म्हणजे माहिती खुली आहे; पण ती किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत पोहोचते का?

पर्यावरण संरक्षण नियमांनुसार पोहण्यायोग्य समुद्रजलात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू सरासरी १०० हून अधिक नसावेत. मैलापाणी मिसळले की हे प्रमाण वाढते, आणि जुलाब व त्वचाविकारांचा धोकाही. हा आकडा तक्त्यात पडून राहण्यापेक्षा चौपाटीवरच्या फलकावर मराठीत, तारखेसह दिसला पाहिजे. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाने अशी माहिती स्नानाच्या जागीच देणे बंधनकारक केले. आपल्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ देखील, कुणी मागण्याआधीच माहिती प्रसिद्ध करा, असे २००५ पासून सांगत आहे.

मात्र खुलेपणालाही मर्यादा हवी. समुद्राला अब्रू नसते, रुग्णाला असते. डेंग्यूचे रुग्ण विभागवार जरूर सांगावेत. घर ओळखू येईल इतका तपशील नको. मार्च २०२० मध्ये कर्नाटकात विलगीकरणातील लोकांचे पत्ते जाहीर झाले होते. अशाने आजार लपवण्याकडे कल वाढतो आणि पुढचे आकडेच खोटे ठरतात.

पाण्याचा आकडा झाकू नये, माणसाचे नाव उघडे करू नये. सुरुवात वर्सोव्यातल्या एका फलकापासून होऊ शकते.